झीलकऱ्यांचा राखणदार

बोलता बोलता तो एकदम उजव्या हाताचं बोट वर करायचा आणि म्हणायचा, "थांबा. झील तुटली."

समोर कोण बोलतंय याचं त्याला काही नसे. मी असो, घाट चढून आलेला गाडीवान असो, नाहीतर साक्षात दरोगासाहेब असोत. बोट वर गेलं की समोरच्यानं तोंड मिटायचं. मग तो मान जराशी तिरकी करून ऐकायचा आणि शांतपणे सांगायचा, "सालईच्या अंगाला. चालत न्हाई, एका जागी उभा हाय कुणीतरी." एवढं बोलून काठी उचलायचा आणि चालू लागायचा. परत यायचा तेव्हा त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी कुऱ्हाड असायची.

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची लेक अजून नांदूरघाटला आहे, तिचा भरला संसार आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही. नाक्यावर सगळे त्याला बाबा म्हणत. मीही म्हणत असे.

मी तेव्हा धारूरच्या घाटात जंगल खात्याच्या नाक्यावर मुन्शी होतो. मोगलाई होती, म्हणजे निजामाचा अंमल. नाका म्हणजे तरी काय, दगडामातीची एक खोली, पुढं रस्त्यावर आडवा टाकलेला वासा, आणि वाशामागं मी. गाडीतलं लाकूड परवान्याबरहुकूम आहे की नाही ते बघायचं आणि उर्दूत लिहून ठेवायचं. माझं उर्दू असं होतं की आमचे वरिष्ठ दरोगासाहेब कागद हातात घेऊन आधी एक सुस्कारा सोडत आणि मग वाचत.

आता तुम्ही म्हणाल, बीडकडं कसलं आलंय जंगल! अहो, होतं. आजच्यासारखा उघडा बोडका डोंगर नव्हता तो. नाक्यापासून कोसभरावर डोंगराच्या कुशीत एक दरा होता, आम्ही त्याला बेलदरा म्हणत असू. धावडा, सालई, तेंदू, खैर, बेल, कडेनं सीताफळीची गर्दी आणि तळाशी उन्हाळ्यातही न आटणारा बारकासा झरा. अधूनमधून चंदन. त्या दऱ्याची राखण म्हाताऱ्याकडं होती. दऱ्याच्या तोंडाशी त्याची झोपडी होती. बायको तिथंच नांदली आणि तिथंच वारली. लेकीचं लग्न झालं, ती नांदूरघाटला गेली. उरला तो एकटा, त्याच्या छातीवरची पितळी चपरास, म्हणजे नोकरीचा बिल्ला, आणि दऱ्यातले झीलकरी.

झीलकरी म्हणजे काय ते सांगतो. उन्हाळ्यात, ऐन दुपारी, झाडावर बसून कानठळ्या बसेस्तोवर ओरडणारा किडा तुम्ही ऐकला असेल. पाहिला मात्र नसेल. पुष्कळजण त्याला रातकिडाच म्हणतात, पण रातकिडा वेगळा. तो भिंतीच्या फटीत बसून अंधारात कुरकुरतो. हा भर उन्हात ओरडतो. पुस्तकात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. म्हातारा त्यांना झीलकरी म्हणायचा.

"गोंधळात बघा," तो मला पहिल्यांदा सांगत होता, "म्होरं एकजण गातो आन् मागं दोघं-तिघं झील धरत्यात. ही मागची हायती."

"मग पुढं गाणारा कोण?" मी विचारलं.

"त्यो आपल्याला ऐकू येत न्हाई."

"म्हणजे नाहीच की!"

"आसं कसं? गाणारा नसता तर ह्यांनी उगं झील कावून धरली असती?" असं म्हणून त्यानं माझ्याकडं अशा काही कीवेनं पाहिलं की मी गप्प बसलो.

मी तेव्हा पंचविशीतला होतो आणि मला बोलायची फार हौस. पहिल्याच दिवशी दऱ्यात त्याच्या मागून चालताना मी त्याला माझी शाळा, माझे मास्तर, माझं आजोळ, सगळं सांगून टाकलं.  आम्ही जिथं जाऊ तिथला आवाज बंद पडायचा आणि मागं पुन्हा सुरू व्हायचा. शेवटी तो थांबला. "मुन्शीजी, माणूस लई चांगले हाव तुमी. पर तुमी आल्यापून माझं निम्मं जंगल मुकं झालंय." तिथून पुढं मी दऱ्यात बोललो नाही. म्हणजे, कमी बोललो.

त्याची सारी नोकरी या एकाच गोष्टीवर चालायची. धावड्याखाली एक काळा दगड होता. दुपारी सगळी दुनिया सावलीला आडवी होते आणि लाकूडचोर उठतो. त्याच वेळी हा त्या दगडावर डोळे मिटून बसायचा. दरा चहूकडून किर्रर्र करत असे. मला तो नुसता एकसारखा कल्लोळ वाटायचा, त्याला मात्र त्यात जागा दिसायच्या. माणूस झाडाजवळ गेला की तिथले झीलकरी गप्प होतात. एखाद्या ठिकाणची झील तुटली आणि परत लवकर जुळली नाही, की तिथं कुणीतरी उभं आहे. दुसरे राखणदार पायांनी जंगल फिरत, हा एका जागी बसून कानांनी फिरायचा.

एकदा एक गडी घाबरून तेंदूच्या शेंड्यावर चढून बसला. पानांत पार दडलेला. म्हातारा सरळ त्या झाडाखाली गेला आणि वर न बघताच म्हणाला, "उतर बे. किती येळ बसतूस? मुंग्या चावतील." तो उतरला. थरथरत विचारू लागला, "बाबा, तुमाला दिसलो कसा?" म्हातारा म्हणाला, "दिसला कुटं? तू बसलास म्हून ती उठली." मग त्याची कुऱ्हाड काढून घेतली आणि झोपडीवर नेऊन त्याला भाकरी खाऊ घातली. वाळलेली लाकडं वेचणाऱ्या बाया यायच्या, त्यांना तो कधी अडवायचा नाही. "वाळलेलं न्या. वल्ल्याला हात लावू नगा," एवढंच. आणि बाया म्हणायच्या, बाबाच्या कानाला ओली काटकी मोडलेली कळते आणि वाळलेली मोडलेली कळते. कळतही असेल. मी आता कशाला नाही म्हणणार नाही.

चैत्र उतरणीला लागला की तो हळवा व्हायचा. पहाटे दऱ्यात जाऊन झाडांच्या बुंध्याशी बसायचा. एकदा मलाही नेलं. धावड्याच्या मुळाशी बोटभर भोक होतं. त्यातून मातीच्या रंगाचा, कुबडा, गबाळा असा एक किडा बाहेर आला आणि खोडावर चढू लागला. हातभर चढला, थांबला. मग पाठीवर उभी चीर पडली आणि आतून हिरवट, ओला, नवा झीलकरी निघाला. पंख आधी चुरगळलेले होते, ते बघता बघता सरळ झाले आणि त्यांतून पलीकडचं दिसू लागलं. मागं खोडाला घट्ट धरून राहिली ती नुसती कात. पाय, डोळे, सगळं जिथल्या तिथं, आणि आत कोणी नाही.

"सालं न सालं ही जमिनीत असत्यात," म्हातारा कुजबुजला. "मुळीचा रस पित, आंधारात. मग एक उन्हाळा वर येत्यात, गात्यात, आन् मरत्यात." त्यानं ती कात अलगद सोडवून मुंडाशात खोवली. त्या दिवसांत त्याच्या मुंडाशात नेहमी पाच-सहा काती असायच्या. नाक्यावर येणारी पोरंबाळं त्याला पाहून पळायची.

आणखी एक गंमत होती. झीलकरी झाडाचा रस पितात आणि वरून बारीक बारीक थेंब सोडत राहतात. भर उन्हात, आभाळात ढग नसताना, झाडाखाली भुरभुर पाऊस. म्हातारा त्याला झीलकऱ्यांचा पाऊस म्हणायचा आणि तोंड वर करून उभा राहायचा. एकदा दरोगासाहेब दौऱ्यावर आले आणि नेमके त्या धावड्याखाली घोडा थांबवून बसले. टोपीवर थेंब पडू लागले. साहेब खूश. "वाह, क्या ठंडी फुहार है!" मी मूग गिळून उभा. म्हातारा मात्र सरळ सांगून मोकळा झाला, "हुजूर, त्यो किड्यांचा मूत हाय." साहेबांनी घोडा असा काढला की दोन दिवस आमच्याकडं फिरकले नाहीत. त्या आठवणीनं मला अजून हसू येतं. हसून घेतो, कारण पुढं हसण्यासारखं फारसं नाही.

एका हिवाळ्यात वरून हुकूम आला. दऱ्याच्या वरच्या अंगाची झाडं तोडून कोळसा पाडायचा होता. ठेका दिला गेला, माणसं आली, कुऱ्हाडी लागल्या. हुकूम सरकारचा, तेव्हा राखण म्हाताऱ्यानंच करायची होती. ज्या कुऱ्हाडी त्यानं आयुष्यभर काढून घेतल्या, त्यांच्याशेजारी आता रोज काठी घेऊन उभं राहायचं. महिनाभर तो उभा राहिला. झाड पडलं की त्याच्या बुंध्याशी जाऊन मुळाशी हात लावून बसायचा.

"झाड गेलं त्ये दिसतंय तरी," तो मला म्हणाला. "खालची पोरं खालच्या खाली मरत्याल. त्यांचं कुणाला कळायचं बी न्हाई."

"बाबा, खालचा दरा तर शाबूत आहे."

"हाय. बघू उन्हाळ्यात, किती गात्यात त्ये."

त्या उन्हाळ्याची तो वाट बघू लागला. वर्षाचे आठ-नऊ महिने झीलकरी गप्पच असतात, त्यामुळं मधल्या काळात काय बिघडलं ते कुणाच्या ध्यानात यायला मार्ग नव्हता. त्याच्याही नाही.

वैशाख लागला. मी काहीतरी निरोप घेऊन बेलदऱ्यात गेलो. तोंडाशी आलो तोच आवाजानं कान दणाणले. वरचं अंग उघडं पडलं होतं, पण खालच्या दऱ्यात असा गजर चालला होता की माझ्याच पावलांचा आवाज मला येईना. मला फार बरं वाटलं. म्हटलं, म्हातारा आज खूश असणार.

तो काळ्या दगडावर बसला होता. मला पाहून उठला. चेहरा पार उतरलेला.

"मुन्शीजी," तो म्हणाला, "यंदा ती कावून गप हायती?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलो. पण तो हसला नाही. मान तिरकी करून, नेहमीसारखा, ऐकत उभा राहिला. आमच्या डोक्यावरच्या फांद्या नुसत्या ओरडत होत्या. 

माझं बोलणं त्याला ऐकू येत होतं. गाडीचा खडखडाट, कुत्र्याचं भुंकणं, सगळं येत होतं. तो बारीक, तीक्ष्ण आवाज तेवढा त्याच्या कानांतून निघून गेला होता. म्हातारपणी असं होतं, हे मला पुढं एका हकिमानं सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की याचं जंगल भरलेलं आहे आणि याच्यापुरतं ते मेलं आहे.

सांगायला हवं होतं. पण दोनच वर्षांपूर्वी शेजारच्या राखणदाराला डोळ्यांत मोतीबिंदू झाला म्हणून साहेबांनी घरी बसवलं होतं. याचे कान गेले हे कळल्यावर याला कोण ठेवणार? चपरास गेली की झोपडी गेली, दरा गेला. लेकीच्या दारात जाऊन बसणं त्याच्या जिवावर यायचं, हे तो दहादा बोलला होता. आणि खरं सांगू का, ते सगळं नंतरचं. त्या क्षणी त्याच्या तोंडाकडं बघून माझी जीभच उचलली नाही.

मी म्हणालो, "यंदा उशीर झालाय, बाबा. येतील."

एवढं खोटं माझं मला ऐकू यावं म्हणून मला झीलकऱ्यांच्या वर आवाज काढून ओरडावं लागलं.

त्यानं मान हलवली. "तुमी म्हनताव तर येतील," असं पुटपुटला आणि पुन्हा दगडावर बसला. झीलकरी झाडाच्या सालीच्या रंगाचे. उंच फांद्यांवर बसलेले त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नव्हते. खोडांवर काती होत्या, पण चैत्रात वर कोळशाच्या भट्ट्यांवर पहारा असल्यानं त्याला पहाटे बुंध्याशी बसता आलं नव्हतं, म्हणून त्या गेल्या सालच्या असं त्यानं धरून घेतलं. माणसानं एकदा मनाशी ठरवलं की डोळेही त्याचंच ऐकतात.

आठ दिवसांत दऱ्यातलं एक मोठं चंदन गेलं. काळ्या दगडापासून हाकेच्या अंतरावर. भरदिवसा कुणीतरी कुऱ्हाड घालून नाही, करवत लावून, शांतपणे कापून नेलं, आणि म्हातारा दगडावर बसलेला होता. दरोगासाहेब आले. बुंधा पाहिला, मग म्हाताऱ्याकडं पाहिलं. तीस वर्षांत त्याच्या दऱ्यातून एक फांदी चोरीला गेली नव्हती.

"क्या रे," साहेब म्हणाले, "कान में रूई डालके बैठा था? या चोराँ के साथ मिल गया?"

 म्हाताऱ्याला काय झालं तेच उमगत नव्हतं. झील तर सगळीकडंच तुटलेली, मग चोर आलेला कळणार कसा? पण हे साहेबांना सांगायचं तर त्यांना ते कळलं नसतं. तो नुसता त्या बुंध्याकडं बघत राहिला. मी मागं उभा होतो. मला सगळं ठाऊक होतं. मी तोंड उघडलं असतं तर चोरीचा डाग पुसला असता आणि नोकरी गेली असती. नाही उघडलं तर नोकरी आज तरी राहत होती. मी गप्प बसलो. आयुष्यभर वटवट केली आणि जिथं बोलायचं तिथं दातखीळ बसली, असा मी माणूस.

नाक्यावर गाडीवान कुजबुजू लागले. "बाबा बी खायला लागला." हे मात्र त्याला ऐकू गेलं. त्यानंतर तो नाक्यावर येईना.

चार-पाच दिवसांनी मीच दऱ्यात गेलो. बघतो तर म्हातारा झऱ्याकडून वर चढत होता. खांद्यावर भरलेली घागर. ऊन असं की दगडाला हात लावला तर भाजावा. मुंडासं काढून ठेवलेलं, टाळूवर घामाचे ओघळ. धावड्यापाशी आला आणि घागर वाकडी करून बुंध्याभोवती हळूहळू पाणी ओतू लागला.

"बाबा, हे काय?"

"भुई लई कठीन झालीय, मुन्शीजी. वरचं जंगल गेलं, समदा ताव खाली उतरतो. त्यांना भोक पाडून वर येता येत नसंल. भिजवतोय. भिजली म्हंजी येतील. तुमीच म्हनले न्हवं, उशीर झालाय म्हून?"

"कधीपासून भिजवताय?"

"चार रोज झाले. ही तीन झाडं झाली, आता त्ये बेल राह्यले."

खाली झरा, वर झाडं. मधली चढण चढताना मी तरणाताठा असून धापा टाकायचो. आणि हा सत्तरीचा म्हातारा चार दिवस घागरी वाहत होता, त्या किड्यांसाठी, जे त्याच्या डोक्यावर हजारांनी बसून बोंबलत होते. माझ्या एका खोट्यापायी. मला उभं राहवेना. मी जाऊन त्याच्या हातातली घागर धरली. आता सांगतोच, असं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तो थबकला.

त्याच्या उघड्या टाळूवर थेंब पडला होता.

त्यानं हात लावला. बोट नाकाशी नेलं. आणखी एक पडला, कपाळावर. त्यानं तोंड वर केलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग माझ्याकडं न बघता तो झाडाशी गेला, डोळे बारीक करून खोड न्याहाळलं, आणि ओंजळ करून हलकेच एक झीलकरी पकडला. मूठ मिटली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

"वरडतोय!" तो म्हणाला. "मुन्शीजी, वरडतोय की ह्यो! हाताला मुंग्या आल्या, बघा!" आणि तो हसू लागला. असा हसला, असा हसला, की मीही हसलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "जिती हायती! समदी जिती हायती! काई मेलं न्हाई!"

मग हसता हसता त्यानं ती मूठ उजव्या कानाशी नेली. हसू थांबलं. मूठ डाव्या कानाशी नेली. पुन्हा उजव्या.

थोड्या वेळानं त्यानं मूठ उघडून झीलकरी परत खोडावर ठेवला. त्याचे पाय सालीला लागेपर्यंत बोटाचा आधार दिला.

"तुमाला ऐकू येत व्हतं?"

"हो."

"पैल्या दिसापून?"

"हो, बाबा."

वाटलं, शिव्या देईल, काठी घालील. घातली असती तर बरं झालं असतं.  घागरीत उरलेलं पाणी होतं, ते त्यानं धावड्याच्या मुळाशी ओतलं आणि म्हणाला, "आसू द्या. आणलंय तर प्येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाक्यावर आला. दरोगासाहेब बसले होते, आठ-दहा गाडीवान उभे होते. त्यानं छातीवरची चपरास सोडली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"हुजूर, चंदन गेलं त्ये मपल्या कानापायी गेलं. मपल्याला झील ऐकू येत न्हाई. बहिरा हाय मी. चोर न्हाई."

 साहेब उठून उभे राहिले. मला वाटतं, साहेबांना त्या दिवशीचं स्वतःचं बोलणं आठवलं. "बैठो चाचा," ते हळूच म्हणाले. पण ते शब्द त्याला ऐकू गेले नाहीत, की त्याला बसायचं नव्हतं, कोण जाणे. तो गाडीवानांकडं वळला, एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि वाशाखालून वाकून निघून गेला.

मुंडासं, घोंगडी, काठी आणि बायकोच्या हातची एक घागर, एवढं घेऊन तो नांदूरघाटला गेला. नवा राखणदार आला. तो रोज इमानानं सगळा दरा पायी फिरायचा, आणि तो ज्या टोकाला असेल त्याच्या दुसऱ्या टोकाला झाडं पडायची.

पुढल्या वैशाखात मी रजा काढली. दऱ्यात जाऊन एक झीलकरी पकडला, चांगला जोरात ओरडणारा. बांबूच्या बारक्या टोपलीत धावड्याची डहाळी घालून त्यात ठेवला, वर ओलं फडकं बांधलं आणि नांदूरघाटच्या वाटेला लागलो. बैलगाडीनं दीड दिवस. वाटेत तो ओरडायचा आणि गाडीवान कपाळाला हात लावायचा. केज गावी मुक्काम केला. सकाळी निघालो तेव्हाही ओरडत होता. मनाशी म्हणत होतो, कान गेले तर गेले, हाताला तर कळतं. म्हाताऱ्याच्या मुठीत हा दिला की माझं थोडं तरी फिटेल.

लेक चांगली होती, जावईही चांगला. पण चहूकडं नांगरून टाकलेलं काळं रान आणि दारात एक कडुलिंब. त्या लिंबाखाली बाजेवर तो बसला होता. वर्षात फार वाळला होता. आता त्याला बोलणंही धड ऐकू येत नव्हतं, समोरच्याच्या ओठांकडं बघायचा. मला पाहिलं आणि उठायला लागला. मी खांदा धरून बसवलं.

"दरा कसा हाय?" त्यानं विचारलं.

"चांगला आहे, बाबा!" मी ओरडून सांगितलं. "झील जोरात आहे!" दऱ्याचं काय झालं होतं ते मी बोललो नाही.

मी टोपली काढली, फडकं सोडलं आणि आत हात घातला. एरवी झीलकरी बोटाला घट्ट धरतो, पायांची नखं रुततात. या वेळी काही रुतलं नाही. केज सोडल्यावर कधीतरी तो गप्प झाला होता आणि गाडीच्या खडखडाटात ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण तोवर म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं केले होते. टोपली पाहताच त्याला कळलं होतं मी काय आणलंय ते. माझा हात मागं येईना. मी तो झीलकरी त्याच्या तळहातावर ठेवला.

त्यानं मूठ मिटली आणि डोळेही मिटले. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. मुठीतून कसलाही आवाज येत नव्हता. आता तो मूठ उघडेल आणि मेलेला किडा माझ्यापुढं धरील, म्हणून मी खाली मान घालून बसलो.

"वरडतोय," म्हातारा म्हणाला.

मी वर पाहिलं. तो माझ्याकडंच बघत होता.

"लई जोरात वरडतोय, मुन्शीजी. आपल्या बेलदऱ्यातलाच हाय." आणि मग जरा थांबून, "तुमाला ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय, बाबा," मी म्हणालो. त्याला ऐकू जावं म्हणून हेही मला ओरडूनच सांगावं लागलं.

त्यानं समाधानानं मान हलवली. मग आम्ही जेवलो. उजवी मूठ तशीच मिटून त्यानं लेकीला घास भरवायला सांगितलं. तिनं विचारलं, "दादा, हातात काय हाय?" तो म्हणाला, "काई न्हाई. मुन्शीजींनी आणलंय."

त्याच श्रावणात तो गेल्याचा निरोप आला. बेलदराही आता नाही. मी त्याच्या वयाचा झालोय आणि यंदाच्या उन्हाळ्यात मला सगळं फार शांत शांत वाटलं. कुणाला विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.

मला तो दिसतो तो नांदूरघाटच्या वेशीत. मला पोचवायला तिथवर चालत आला होता. गाडी हलली, मी मागं वळून पाहिलं. तो डावा हात हलवत होता. ज्या हाताचं बोट वर करून तो दुनियेला गप्प बसवायचा, तो उजवा हात छातीशी धरलेला होता. मी दिसेनासा होईपर्यंत त्यानं ती मूठ उघडली नाही.